तीन माणसांचे कुटुंब कोणी ठरवले? कोकणच्या जलवाहतुकीचे आणि रेल्वेचे निर्णय घेणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
राज्याच्या बंदरे व परिवहन खात्यांचे मंत्री, तसेच सागरी मंडळ आणि कोकण रेल्वे यांचे वरिष्ठ अधिकारी यांस

सविनय नमस्कार.

ऑगस्ट २०२५मध्ये, गणपतीच्या तोंडावर, मोटारीसह कोकणात जाण्याचे दोन नवे मार्ग आपण लोकांसमोर ठेवलेत. कोलाडहून गोव्यातील वेर्णापर्यंत रेल्वेच्या वाघिणीवर मोटार चढवून नेणे हा पहिला, आणि मुंबईहून जयगड व विजयदुर्गला रो-रो जहाजाने, म्हणजे मोटारी थेट आत चढवून नेणाऱ्या जहाजाने, जाणे हा दुसरा. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाची दीड दशक वाट पाहून थकलेल्या आमच्यासारख्यांना या दोन्ही घोषणा वाचून बरे वाटले. नियम आणि दरपत्रक वाचल्यावर मात्र हा आनंद ओसरला, कारण रेल्वेच्या योजनेत एका मोटारीमागे तीनच प्रवाशांना मुभा होती आणि जहाजाचे सर्वांत खालच्या वर्गाचे भाडे माणशी २,५०० रुपये होते. गणपतीला गावी जाणारे घर तीन माणसांचे असते, असे आपल्याला कोणी सांगितले, हे मला जाणून घ्यायचे आहे.

आमचे मूळ गाव राजापूर तालुक्यात आहे. घरात आम्ही सहा जण: पंचाहत्तरी ओलांडलेले सासरे, सत्तरीच्या सासूबाई, आम्ही दोघे, अकरा वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. सासऱ्यांना उंच पायऱ्या चढवत नाहीत, सासूबाईंना रात्रभर बसून प्रवास झेपत नाही आणि चार वर्षांच्या मुलाला काय झेपत नाही, हे त्या वयाचे मूल घरात असणाऱ्यांना सांगायला नको. शिवाय चतुर्थीच्या आदल्या दिवशी सर्वांनी घरी पोचलेले असलेच पाहिजे. अशी घरे मुंबई, ठाणे, डोंबिवली, वसई-विरार या पट्ट्यात किती असतील, याचा अंदाज माझ्यापेक्षा आपल्याला अधिक असावा.

प्रवासाचे साधन निवडताना असे घर एका माणसाचे भाडे पाहत नाही. सहा जणांचे मिळून किती, आजी-आजोबांना किती ठिकाणी चढ-उतार करावी लागेल, आणि बंदर किंवा स्टेशन आल्यावर पुढे घरापर्यंत कसे जायचे, हे तीन प्रश्न एकत्रच सोडवावे लागतात. आपली दरपत्रके आणि वेळापत्रके यांतला एकही प्रश्न विचारात घेऊन तयार केलेली दिसत नाहीत, ही माझी मूळ तक्रार आहे. पुढचे सगळे मुद्दे तिच्यातूनच निघतात.

तुलनेसाठी लांब जायला नको, आपल्याच एसटीचे उदाहरण घेऊ. ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरीपुढच्या ज्येष्ठांना एसटीत प्रवास मोफत आहे आणि पासष्ट ते पंचाहत्तर या वयाला अर्धे तिकीट आहे. मार्च २०२३पासून महिलांनाही अर्धे तिकीट आहे, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे आणि त्याहून लहान मुलांना काहीच नाही. म्हणजे सासरे मोफत, सासूबाई अर्ध्या, मी अर्धी, मुलगी अर्धी, मुलगा मोफत आणि नवऱ्याचे तेवढे पूर्ण. सहा माणसांना अडीच तिकिटे पडतात. एसटीची बाके आणि रस्त्यावरचे खड्डे यांविषयी आमचे म्हणणे काहीही असो, पण घर ही गोष्ट तिच्या भाडे ठरवणाऱ्यांना कळलेली आहे, एवढे मान्य केलेच पाहिजे.

आता हेच सहा जण रेल्वेने निघतात. ज्येष्ठ नागरिकांची सवलत, जी पुरुषांना ४० टक्के आणि स्त्रियांना ५० टक्के होती, ती मार्च २०२०मध्ये करोनाच्या निमित्ताने थांबवली गेली आणि साथ सरल्यावरही परत आली नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर एप्रिल २०१६पासून पूर्ण भाडे पडते, आणि रात्रीच्या गाडीत अकरा वर्षांच्या मुलीला बर्थ नको असे कोण म्हणेल? त्यामुळे एसटीत ज्यांना अडीच तिकिटे लागतात, त्यांनाच रेल्वेत पाच लागतात. हा निर्णय रेल्वे मंत्रालयाचा आहे, कोकण रेल्वेचा नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु कोकण रेल्वेच्या भांडवलात महाराष्ट्राचा वाटा २२ टक्के आहे, तेव्हा राज्याने या प्रश्नावर दिल्लीत आग्रहाने बोलावे, अशी अपेक्षा ठेवण्यात गैर काही नाही.

मोटार वाहून नेणाऱ्या गाडीच्या नियमांत तर कुटुंबाला जागाच ठेवलेली नाही. मोटारीचे ७,८७५ रुपये, सोबतच्या वातानुकूलित डब्यात माणशी ९३५ किंवा बैठ्या डब्यात १९० रुपये, आणि मोटारीमागे जास्तीत जास्त तीन माणसे. मोटारीत पाच जण मावतात, आमच्या गाडीत सहाही मावतात. मग उरलेल्या तिघांनी कोठे जायचे? त्यांच्यासाठी दुसऱ्या गाडीचे आरक्षण काढायचे म्हटले, तर ते प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडते आणि सणाच्या दिवसांत काही मिनिटांत संपते. म्हातारी माणसे एका गाडीत, मुले दुसऱ्या गाडीत आणि बाप मोटारीबरोबर तिसरीकडे, अशी फाळणी करूनच ही सोय वापरता येते. त्यातही किमान सोळा मोटारी न मिळाल्यास फेरी रद्द करण्याची अट होती. व्यापारी माल पुढच्या फेरीपर्यंत थांबू शकतो, चतुर्थी थांबत नाही. या योजनेला थंड प्रतिसाद मिळाला, तो लोकांना रेल्वे नको होती म्हणून नव्हे, तर दिलेल्या अटींवर घर घेऊन निघणे शक्यच नव्हते म्हणून, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्थानकांची निवडही विचार करायला लावणारी आहे. मुंबईकराने कोलाडपर्यंत, म्हणजे शंभर किलोमीटरहून अधिक अंतर, त्याच गर्दीच्या रस्त्याने स्वतः मोटार हाकत यायचे, तिथे दुपारीच हजर व्हायचे, मग बारा तासांच्या आसपास रेल्वेत काढून पहाटे वेर्ण्याला उतरायचे. वेर्णा गोव्यात आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे वाटेत मागे टाकून गोव्यातून उलटे यायला लावणारी ही सेवा गणपतीला गावी जाणाऱ्यांसाठी म्हणून जाहीर झाली, याचे मला आजही नवल वाटते. नंतर सिंधुदुर्गातल्या नांदगावचा थांबा जोडला गेला, ही चांगली सुधारणा झाली, पण ती आधीच सुचायला हवी होती.

हे सारे तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे असे उत्तर मिळेल, म्हणून दोन दाखले देते. पहिला आपल्याच घरचा. कोकण रेल्वे १९९९पासून मालाने भरलेले ट्रक वाघिणींवर चढवून नेते आहे, आणि ही सेवा देशभर वाखाणली गेली. चढवणे, बांधणे, उतरवणे यांचा इतका अनुभव गाठीशी असलेल्या संस्थेला चार डबे जास्त जोडणे जड जाऊ नये. दुसरा दाखला इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या समुद्राखालच्या बोगद्याचा. सुमारे ५० किलोमीटर लांबीच्या त्या बोगद्यातून १९९४पासून मोटारी रेल्वेगाडीत घालून नेल्या जातात. माणसे आपापल्या मोटारीतच बसून असतात, तिकीट मोटारीचे असते आणि तेवढ्याच पैशांत तीत नऊ जणांपर्यंत प्रवास करू शकतात. ती वाट पस्तीस मिनिटांची आणि आपली बारा तासांची, तेव्हा माणसांना मोटारीतच बसवून न्या असे मी म्हणणार नाही. मात्र तिकीट मोटारीचे आणि आतली माणसे त्यातच धरलेली, हे तत्त्व उचलायला कोणतीही तांत्रिक अडचण नाही.

आता जहाजाकडे वळते. ही कल्पना मला मनापासून आवडते, कारण आमच्या आधीच्या पिढ्यांचे कोकण हे बोटीचेच कोकण होते. जयगड, रत्नागिरी, मुसाकाझी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले ही नावे आमच्या घरात अजूनही बंदरे म्हणूनच घेतली जातात. बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि पडावातून किनाऱ्यावर उतरावे लागायचे, ही आठवण सासरे आजही सांगतात. ती सेवा बंद पडून काही दशके लोटली, आणि आता जयगडला तीन तासांत व विजयदुर्गला पाच तासांत पोचवणारे जहाज येते म्हटल्यावर उत्साह वाटणे स्वाभाविक आहे. विजयदुर्ग तर आमच्या गावाच्या दृष्टीने रेल्वे स्टेशनाइतकेच सोयीचे.

परंतु हिशेब मांडून पाहावा. जाहीर झालेल्या दरांप्रमाणे सर्वांत स्वस्त वर्गात माणशी २,५०० रुपये आणि मोटारीचे ६,०००. आमच्या घराची पाच तिकिटे धरली तर १२,५०० आणि मोटारीसह १८,५०० रुपये. जाऊन-येऊन हा आकडा ३७,०००वर जातो. वरच्या वर्गांचे ४,०००, ७,५०० आणि ९,००० हे दर मी हिशेबात धरतच नाही, ते ज्यांच्यासाठी आहेत त्यांनी खुशाल वापरावेत. खालच्या वर्गाचा दर मात्र गावी जाणाऱ्या चाकरमान्याला परवडेल असा हवा, कारण ज्या धक्क्यांवर हे जहाज लागते ते सार्वजनिक पैशातून उभे राहिलेले आहेत. जहाज चालवणे महाग असते, इंधन महाग असते, हे मान्य. म्हणून सगळेच स्वस्त करा असे मी म्हणत नाही. मुलांना आणि वृद्धांना एसटीसारखी सवलत द्यावी, तिच्यामुळे येणारी तूट शासनाने एसटीप्रमाणेच भरून द्यावी, आणि मोटारीबरोबर येणाऱ्या कुटुंबासाठी एक एकत्रित भाडे ठरवावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा मार्च २०२०मध्ये सुरू झाली, आणि शंभर किलोमीटरहून अधिक असलेला रस्ता तिने तासाभराच्या आत आणून ठेवला. तिचे यश आपण अभिमानाने सांगता, आणि तो अभिमान योग्यच आहे. मांडव्याचा आणखी एक धडा मात्र दुर्लक्षित राहिला. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या प्रवासी बोटींच्या तिकिटात पुढे अलिबागपर्यंतची बस धरलेली असते. बोटीतून उतरलेला माणूस हातात मूल आणि खांद्यावर पिशवी घेऊन रिक्षावाल्याशी घासाघीस करत बसत नाही, समोर उभ्या असलेल्या बसमध्ये चढतो. जयगडला उतरणाऱ्या माणसाला रत्नागिरी शहर गाठायला आणखी चाळीस-पन्नास किलोमीटर जायचे असते. विजयदुर्गहून कणकवली किंवा राजापूर हेही जवळ नाही. ज्याच्याकडे मोटार नाही त्याच्यासाठी धक्क्यावर एसटी उभी नसेल, तर तीन तासांत जयगडला पोचल्याचा उपयोग काय? रेल्वे स्थानकांची गतही फार वेगळी नाही. राजापूर रोड हे स्टेशन गावापासून किती दूर आहे, हे पहाटे तिथे उतरून वाहन शोधणाऱ्याला विचारावे.

वेळेचा आणि माहितीचा मुद्दा थोडक्यात मांडते, पण तो कमी महत्त्वाचा नाही. गणेश चतुर्थीची तारीख पंचांगात कितीतरी वर्षे आधी छापलेली असते. २०२५ साली ती २७ ऑगस्टला होती, आणि जहाजसेवेचा मुहूर्त जाहीर झाला १ सप्टेंबरचा. चतुर्थी जेव्हा ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या आरंभी येते, तेव्हा समुद्र खवळलेला असतो आणि कोकण रेल्वेच्या गाड्या पावसाळी वेळापत्रकाने, कमी वेगाने धावत असतात, हेही नवे नाही. म्हणजे ज्या आठवड्यात लाखो माणसांना जायचेच असते, त्याच आठवड्यात दोन्ही मार्ग सर्वांत कमी भरवशाचे असतात. म्हणूनच सेवेचे दर, तारखा आणि रद्द होण्याचे नियम सणाच्या किमान तीन महिने आधी कळले पाहिजेत, म्हणजे साठ दिवस आधी उघडणारे रेल्वेचे आरक्षण काढायचे की जहाजावर विसंबायचे, हे घरातल्यांना शांतपणे ठरवता येईल. रेल्वेची गाडी तीन तासांहून अधिक उशिरा असेल आणि प्रवाशाने प्रवास केला नाही, तर पूर्ण पैसे परत मिळण्याची तरतूद आहे. युरोपीय संघात तर २०१०च्या नियमाने बोट नव्वद मिनिटांहून अधिक उशिरा सुटणार असेल तर प्रवाशाला पर्यायी प्रवास किंवा परतावा यांतले एक निवडण्याचा हक्क दिला आहे. आपल्या जहाजसेवेच्या तिकिटावरही असाच स्वच्छ नियम मराठीत छापलेला असावा.

दादरचा प्रश्न निराळा असला तरी याच पत्रात बसतो. करोनापूर्वी दादरहून सुटणारी रत्नागिरी पॅसेंजर पुढे दिव्यापुरती आखडली गेली. आरक्षण न मिळालेल्या, हातावर पोट असलेल्या कुटुंबाचा हा सर्वांत स्वस्त आधार होता. दादर, परळ, लालबागच्या माणसाला ती आता दिव्याला जाऊन पकडावी लागते, आणि तान्हे मूल, ट्रंक, गणपतीचे सामान व म्हातारी आई यांना घेऊन भरलेल्या लोकलमधून दिव्याला उतरणे म्हणजे काय, हे मी वर्णन करून सांगण्याची गरज नाही. तिकिटाचा दर कमी ठेवून चढण्याचे ठिकाण गैरसोयीचे केले, की स्वस्त प्रवास नावापुरताच उरतो. वंदे भारत आणि तेजस हव्यातच, पण त्या आल्या म्हणून पॅसेंजर दादरला नको, हा युक्तिवाद पटणारा नाही.

सुरक्षेबद्दल लिहिताना मला सावध शब्द वापरावेसे वाटतात, कारण भीती पसरवण्याचा हेतू नाही. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या दिवसाची गोष्ट कोकणातल्या अनेक घरांत अजून सांगितली जाते. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली, तेव्हा बोटीवर किती माणसे होती आणि किती जणांच्या अंगावर जीवरक्षक जॅकेट होते, या प्रश्नांची चर्चा पुन्हा झाली. कुटुंबाच्या दृष्टीने यात एक बारकावा आहे, जो चर्चेत सहसा येत नाही. मोठ्यांचे जॅकेट चार वर्षांच्या मुलाला घातले तर तो त्यातून निसटतो. लहान मुलांच्या मापाची जॅकेटे प्रत्येक प्रवासी बोटीवर पुरेशा संख्येने असणे आणि तान्ह्या मुलासकट प्रत्येकाचे नाव प्रवासी यादीत असणे, या दोन गोष्टींची तपासणी दर फेरीला व्हावी आणि तिची नोंद धक्क्यावर लावलेली असावी.

धक्क्यावरचे शौचालय, सावली, पिण्याचे पाणी, चाकांची खुर्ची आणि बोटीत चढायला घसरत नाही असा उतार, यांची मागणी करताना मला संकोच वाटतो, कारण एवढ्या साध्या गोष्टी मागाव्या लागू नयेत. तरी मागते.

वरील सर्व गोष्टींतून माझ्या मागण्या अशा आहेत. मोटारी नेणाऱ्या रेल्वेसेवेत मोटारीच्या नोंदणीपत्रावर जितक्या आसनांची नोंद आहे तितक्या प्रवाशांना परवानगी मिळावी, आणि त्यांना एकाच डब्यात जागा द्यावी. ही सेवा रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांत मोटारी उतरवणारी असावी, आणि एकदा नोंदणी स्वीकारली की मोटारी कमी आल्या म्हणून सणाच्या आधीची फेरी रद्द करू नये. रो-रो जहाजावर मुले आणि ज्येष्ठ यांना एसटीच्या धर्तीवर सवलत मिळावी, आणि कुटुंबासाठी मोटारीसह एकत्रित भाडे जाहीर व्हावे. जयगड आणि विजयदुर्गच्या धक्क्यांवर जहाजाच्या वेळेला जोडून एसटी सुटावी आणि तिचे तिकीट जहाजाच्या तिकिटातच काढता यावे. रत्नागिरी पॅसेंजर पुन्हा दादरहून सुटावी. ज्येष्ठ नागरिकांच्या सवलतीसाठी राज्य शासनाने रेल्वे मंत्रालयाकडे लेखी मागणी करावी आणि तिची प्रत लोकांसमोर ठेवावी.

यांपैकी बहुतेक गोष्टींना नवे धक्के, नवे लोहमार्ग किंवा नवी जहाजे लागत नाहीत. नियमांतल्या काही ओळी बदलाव्या लागतात आणि दोन-तीन खात्यांच्या अधिकाऱ्यांना एका टेबलाशी बसावे लागते. पुढच्या गणपतीचे रेल्वे आरक्षण उघडण्यापूर्वी या मागण्यांपैकी कोणती मान्य आहे, कोणती नाही आणि नसेल तर का नाही, याचे उत्तर आपण जाहीरपणे द्यावे, अशी विनंती आहे.

कळावे.

आपली विश्वासू,
राजापूर तालुक्यातील एक चाकरमानी गृहिणी